कुठलं बे?

डॉ. नामगुंग बोटीवर चढताना पांढरे हातमोजे घालतात. कठड्याला काजळी असते म्हणून. आणि हाच माणूस गेली पाच वर्षं गावोगाव भाषणं ठोकत फिरतोय, की जहाजांच्या धुराने समुद्रावरच्या हवेला काडीचाही फरक पडत नाही! हातमोजे काढायचे, व्यासपीठावर चढायचं, पडद्यावर समुद्रपक्ष्यांचं चित्र लावायचं आणि डोळे मिटून म्हणायचं, "विज्ञान बोलतं, आपण फक्त ऐकायचं." लोक टाळ्या वाजवतात. मी एकवीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण त्या वाक्याला एकदाही टाळी वाजवली नाही. एवढीच काय ती माझी मर्दुमकी.

मी बान मी-सुक. प्रयोगशाळेत फिल्टर धुऊन त्यावर काय काय बसलंय ते मोजणारी. वय शेहेचाळीस, दोन मुलांची आई, तरी साहेब मला अजून "मिस बान" म्हणतात. पंचविसाव्या वर्षी जे चिकटलं ते चिकटलं.

त्या दिवशी तामिदो बेटावर दुपारी दोनला जाहीर सुनावणी होती. बंदरात जागा मिळेपर्यंत चौदा मोठी जहाजं नांगरून ठेवायला जागा हवी होती, आणि ती ठरली होती बेटाच्या आग्नेयेला, गावापासून दीड किलोमीटरवर. जहाज नांगरलं म्हणून त्याचं इंजिन थांबत नाही. दिवे हवेत, पंप हवेत, खलाशांना गरम भात हवा, म्हणजे धूर चोवीस तास. पण साहेबांच्या शोधनिबंधाने सिद्ध केलंच होतं ना की धुराने काही होत नाही! मग अडचण कसली? गावच्या सव्वीसच्या सव्वीस घरांनी संमतीच्या कागदावर सहीऐवजी आपापले शिक्केसुद्धा उमटवले होते.

"मिस बान, तू सकाळच्या बोटीने पुढे जा," साहेबांनी आदल्या दिवशी फर्मान सोडलं. "म्हाताऱ्या प्योकडच्या वह्या घेऊन ये. टेबलावर ढीग रचायचा. हाताने लिहिलेलं दिसलं की लोक विरघळतात."

"तुम्ही त्या वह्या कधी उघडून पाहिल्यात, साहेब?"

"मी? त्या सुकट-बोंबलाच्या वासाच्या? तू कशाला आहेस मग?"

हे असं. बावीस वर्षांच्या ज्या वह्यांच्या जिवावर नाव कमावलं, त्या त्यांनी लांबूनसुद्धा हुंगल्या नव्हत्या. वह्या सहा-सहा महिन्यांनी बेटावरून यायच्या, मी त्या संगणकात चढवायची आणि परत पाठवायची. साहेब आयते आकडे घ्यायचे.

सकाळी बोटीतून उतरले तर प्यो आजोबा धक्क्यावर हजर. चौऱ्याहत्तर वर्षांचे, वाकलेले, पण इस्त्रीचा सदरा घालून आलेले. बेटावरच्या आमच्या केंद्रात म्हणजे एका पत्र्याच्या खोपटात ते रोज सकाळी नऊला फिल्टर बदलायचे आणि वहीत नोंद करायचे. दोन वर्षांपूर्वी आपोआप चालणारं यंत्र बसलं आणि त्यांचं काम संपलं.

"ये, पोरी! किती वाळलीस गं. साहेब खायला देत नाही का?"

"साहेब दुसऱ्याचं खातात, आजोबा. द्यायचं कुठून?"

"तोंड फटकळच आहे अजून तुझं," ते खूश होऊन म्हणाले.

घरी नेऊन त्यांनी नाशपती सोलायला घेतली. अंगणात जाळ्यांवर मांदेली वाळत होती. पलंगावर नवी कोरी गादी होती, तिच्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

"म्हातारीसाठी," आजोबा म्हणाले. "चुसोकचा सण झाला की आणतोय तिला."

त्यांची बायको सुन-बोक. फुप्फुसं अधू झाल्यामुळे तीन वर्षं बंदरामागच्या इस्पितळात होती.

"मागच्या जुलैत आणली होती की तुम्ही त्यांना?"

"आणली होती ना. बारा दिवस राहिली. मग छाती अशी भरून आली की बोट थांबवून परत न्यावी लागली. तिचं नशीब, दुसरं काय? हवेला कशाला दोष द्यायचा? डॉक्टर म्हणाले, हवा स्वच्छ असेल तर खुशाल न्या. मी तुमच्या साहेबांचा तो लेख त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, ही काय हवा! बावीस वर्षं मीच मोजलीय."

"आणि नांगराच्या जागेला शिक्का?"

"पहिला माझा!" त्यांनी छाती पुढे काढली. "गावातले सगळे कुरकुरत होते, धूर येईल, काजळी येईल. मी म्हटलं, अरे गाढवांनो, माझ्याच वहीतून सिद्ध झालंय, जहाजाने काही होत नाही. मग गप्प बसले. माझ्या शब्दावर शिक्के मारले सगळ्यांनी."

मला त्यांचं कौतुक वाटलं नाही, रागच आला. साहेबांचा. या भोळ्या माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं त्यांनी. त्या शोधनिबंधात काहीतरी वाकडं आहे असं मला पहिल्या दिवसापासून वाटायचं. पण चूक असणार ती त्या दीडशहाण्याचीच, या खात्रीने मी निवांत झोपत होते.

वाकडं काय होतं ते सांगते. समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि क्लोरीन ठरलेल्या प्रमाणात असतात. लाटा फुटतात, तुषार उडतात, मीठ हवेत तरंगतं आणि आमच्या फिल्टरवर येऊन बसतं. प्रमाण तेच यायला हवं. तामिदोच्या फिल्टरवर मात्र कित्येक दिवस सोडियम पुरेपूर आणि क्लोरीन अर्धाच! जहाजाच्या धुरातले नायट्रोजनचे आणि गंधकाचे वायू हवेत मुरून आम्ल होतात, ते आम्ल मिठाच्या कणावर बसतं आणि क्लोरीनला हुसकावून लावतं. हुसकावलेला क्लोरीनही गप्प बसत नाही. त्यातला काही भाग सकाळच्या उन्हात फुटतो आणि ओझोन वाढवतो, आणि जमिनीलगतचा ओझोन म्हणजे छातीत नुसती आग. जोडीला फिल्टरवर व्हॅनेडियम सापडायचं, जे जहाजाच्या जड तेलातून येतं. एवढं सगळं समोर असून साहेब म्हणायचे, "वहीत जहाजाचे दिवस नोंदलेले आहेत. त्या दिवशीचे आकडे आणि बाकीच्या दिवसांचे आकडे सारखेच आहेत. म्हणजे दोष जहाजांचा नाही, हे सगळं जमिनीवरच्या कारखान्यांकडून येतं." यावर काय बोलणार? आकडे खरंच सारखे होते.

आजोबांनी वह्या काढल्या. चव्वेचाळीस. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव, खाली एक ओळ आणि फोन नंबर, सगळं ठसठशीत अक्षरात. मी त्या पिशवीत भरायला लागले आणि आजोबा एक वही चाळत एकटेच हसायला लागले.

"हे बघ. तीन दिवस सलग 'बे'. खेकडा बाधला होता."

"काय बाधला?"

"खेकडा गं! म्हातारी माहेरी गेली की मी कच्च्या खेकड्याचं लोणचं आणून चापायचो. मग तीन दिवस पोट धरून बसायचो. फिल्टर नऊला बदलायचा तो अकराला बदलला जायचा. तुमचे आधीचे साहेब म्हणाले होते, उशीर झाला तर कारण लिहा. मी लिहायचो. बे."

माझ्या हातातली वही तशीच राहिली.

आमच्या कोरियन भाषेत 'बे' म्हणजे जहाज. 'बे' म्हणजे पोट. आणि समोर बशीत कापून ठेवली होती ती नाशपतीही 'बे'च. लिहायलाही एकसारखंच. बोलताना कुणाचा गोंधळ होत नाही, कारण पोट धरून बसलेला माणूस समोर असतो. वहीत तो नसतो.

"आजोबा, सगळीकडे? जिथे जिथे 'बे' लिहिलंय तिथे?"

"पोटच. माझं पोट पहिल्यापासून नाजूक."

"आणि जहाज? जहाजं कुठे लिहिलीत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वेडीच आहे. "जहाजं रोज असतात, पोरी. सकाळी उठून दार उघडलं की दहा-बारा दिसतात. ती काय लिहायची? आज सूर्य उगवला असं लिहितं का कुणी?"

सहाशेहून जास्त दिवस. सहाशे दिवसांची पोटदुखी एका बाजूला आणि बिनपोटदुखीचे दिवस दुसऱ्या बाजूला, आणि हवा दोन्हीकडे सारखी. असणारच! म्हाताऱ्याच्या पोटाचा आणि हवेतल्या क्लोरीनचा काय संबंध? याच्यावर शोधनिबंध. याच्यावर सन्मानचिन्ह. याच्यावर समुद्रपक्ष्यांचं चित्र. मला हसू फुटलं, आणि साहेबांची आता कशी वरात निघेल ते डोळ्यांसमोर नाचायला लागलं.

ते हसू खोपटापर्यंतच टिकलं. तिथे जाऊन संगणक उघडला, सगळ्यात जुनी फाइल काढली आणि रकान्याचं नाव वाचलं. "जहाज : हो / नाही." खाली टाइप करणाऱ्याचं नाव, बान मी-सुक.

मी नवी होते, आधीच्या साहेबांच्या वेळच्या वह्याही मलाच चढवायला दिल्या होत्या. वहीतल्या रकान्याचं नाव होतं "उशिराचं कारण". त्यात 'बे' दिसलं आणि मी धरून चालले, धक्क्याला जहाज लागलं असेल म्हणून म्हातारा अडकला. एवढं मोठं नाव कशाला, म्हणून सुटसुटीत रकाना केला. जहाज, हो किंवा नाही. साहेबांनी वही उघडली नाही म्हणून मी त्यांना इतकी वर्षं नावं ठेवत होते, आणि मी? मी तर चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस उघडल्या होत्या. पानन्‌पान वाचलं होतं. माझीच मला शिसारी आली.

दोन तास हातात होते. वाऱ्याच्या दिशेच्या नोंदी खोपटावरच्या वेगळ्या, जुन्या यंत्राने पहिल्यापासून ठेवलेल्या होत्या. मी 'बे'चा रकाना पुसला आणि दिवस वाऱ्याप्रमाणे वेगळे केले. आग्नेयेकडून, म्हणजे जहाजांच्या वाटेवरून वारा आला ते दिवस एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. आकडे लगेच फुटले. आग्नेयेच्या दिवशी व्हॅनेडियम चौपट, मिठातला क्लोरीन निम्म्याहून कमी. हे दोन तासांचं काम होतं. एकवीस वर्षांत कधीही करता आलं असतं.

साहेब दीडच्या बोटीने उतरले, हातमोजे काढत. मी धक्क्यावरच गाठलं आणि सगळं सांगितलं. ते ऐकताना त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"पोटदुखी," ते म्हणाले.

"हो."

"माझा निबंध चार भाषांत छापून आलाय, मिस बान. एका कोळ्याच्या पोटदुखीपायी तो मी मागे घेऊ?"

"चूक आहे, साहेब."

"आहे ना! कुणाची?" ते गोड हसले. "फाइलवर नाव कुणाचं आहे? माझं? मी तर आलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवला. सांग सगळ्यांना. खुशाल सांग. आणि उद्या कामावर यायची तसदी घेऊ नकोस. नाहीतर आत चल, वह्या नीट रच आणि तोंड मिटून बस. 'बे' म्हणजे जहाज. शब्दकोशात पहिला अर्थ तोच आहे."

एवढं बोलून ते पुढे गेले. माणूस हलकट असला की त्याची चाल फार डौलदार असते, हे मी तेव्हा पाहून घेतलं.

गावाच्या सभागृहात जिल्हा कचेरीतली अधिकारी बाई मध्ये बसली होती, शेजारी इतिवृत्त लिहिणारा कारकून. मी वह्या रचल्या. पक्षी झाले, विज्ञान बोललं, टाळ्या झाल्या. मग साहेबांनी, जिथे भोक आहे तिथे आधीच बूच मारावं म्हणून, आजोबांना पुढे बोलावलं.

"प्यो आजोबा, या वह्या कुणी लिहिल्या?"

"मी."

"यातलं 'बे' हे अक्षर कुणी लिहिलं?"

"मीच की. माझ्या हाताने."

"बावीस वर्षं?"

"एक दिवस चुकलो नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आजोबा लाजून लालबुंद झाले आणि खाली बसायला वळले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून उभी राहिले.

"आजोबा," मी म्हटलं, "कुठलं बे?"

ते गोंधळले. मग त्यांना वाटलं मी थट्टा करतेय, आणि त्यांनी सदऱ्यावरून पोटावर थाप मारली. "हे!"

सभागृह खदखदून हसलं. गावप्रमुख तर खुर्चीवरून घसरायचा बाकी राहिला. "खेकड्याचं लोणचं!" मागून एक बाई ओरडली. आजोबाही हसत होते.

"सहाशे दिवस," मी म्हटलं. "साहेबांच्या निबंधातले जहाजाचे सहाशे दिवस म्हणजे ही पोटदुखी. आणि ती जहाजं म्हणून संगणकात घातली मी. साहेबांनी तपासलं नाही, पण लिहिलं मी." मग मी वाऱ्याचे आकडे वाचून दाखवले. आग्नेयेचा वारा, चौपट, निम्म्याहून कमी. जिथे चौदा जहाजं नांगरायची आहेत, तीच दिशा.

हसू एकेक करून विझत गेलं. साहेब म्हणाले, "ही तांत्रिक बाब आहे." कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. अधिकारी बाई कारकुनाकडे वळली, आणि तो बापडा पेन हातात धरून विचारतोय, "मॅडम, 'बे'मुळे निष्कर्ष चुकला असं लिहिलंय. कुठलं बे ते कंसात टाकू का?"

"टाका!" ती खेकसली. मग सुनावणी तहकूब झाली. नवी तपासणी होईपर्यंत नांगराच्या जागेचा निर्णय थांबला, संमतीचे कागद परत करायचं ठरलं. लोक रांगेने कागद घेत होते. साहेब हातमोजे चढवत माझ्याजवळून गेले आणि दात न उघडता म्हणाले, "उद्या येऊ नकोस." मी म्हटलं, "काजळी सांभाळा, साहेब." इतक्या वर्षांनी ते बोलले, पण त्यात मजा आली नाही.

कारण आजोबा अजून पहिल्या रांगेत बसून होते. स्वतःचा शिक्का मारलेला कागद हातात घेऊन. मी शेजारी जाऊन बसले.

"म्हणजे हवा खराब आहे," ते म्हणाले.

"आग्नेयेचा वारा असला की आहे. हिवाळ्यात वारा वायव्येचा असतो, तेव्हा बरी असते. आजींना डिसेंबरात आणा. उन्हाळ्यात नको."

"जुलैत वारा कुठून असतो?"

त्यांना माहीत होतं. जन्म बेटावर गेला होता त्यांचा. तरी त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं.

"आग्नेयेकडून."

"बारा दिवस," ते म्हणाले. "ती म्हणत होती, अहो, छातीत जळतंय, मला परत न्या. मी म्हटलं, तुझे नखरे आहेत. वहीत सिद्ध झालंय. सहा दिवस ती तेच सांगत होती आणि सहा दिवस मी ऐकलं नाही."

माफ करा म्हणाले असेन, आठवत नाही. त्यांनी टेबलावरच्या ढिगातली सगळ्यात वरची वही घेतली, पहिलं पान उघडलं आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"वाच."

"आजोबा..."

"मोठ्याने वाच. तुला वाचता येतं ना?"

मी वाचलं. "प्यो सांग-गू. माझं अक्षर खराब आहे. काही समजलं नाही तर फोन करा." आणि खाली नंबर. मी तोही वाचायला लागले. शेवटचे चार आकडे आजोबांनीच म्हटले.

"बावीस वर्षं हाच नंबर आहे," ते म्हणाले. "एकदा तरी करायचा होतास."